इशारे गाळा, पण इनबॉक्समध्ये नको

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

एखादी ऑनलाइन सेवा बंद पडली की ‘सर्व्हरवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेने वेळीच इशारा दिला नाही’ असा खुलासा छापून येतो. पुष्कळदा इशारा आलेला असतो, पण बिनकामाच्या शेकडो इशाऱ्यांखाली तो गाडला जातो. मग वैतागून कोणीतरी मेलमध्ये ‘सीपीयू’ शब्द असलेला प्रत्येक संदेश वेगळ्या फोल्डरात टाकायचा नियम करतो आणि पुढचा खरा इशाराही तिथेच जाऊन पडतो. गाळणी लावायची ती इशारा जिथे तयार होतो तिथे, आणि उरलेली तो वाटून दिला जातो तिथे.

आधी इशारा तयार करणारा नियम पाहू. सीपीयूचा वापर 90 टक्क्यांवर क्षणभर गेला म्हणून कोणाला उठवायचे कारण नाही. प्रोमिथियस या देखरेख प्रणालीत नियमातल्या ‘फॉर’ला 10 मिनिटे द्या, तेवढा वेळ स्थिती सलग टिकली तरच इशारा सुटतो. नागिऑस या दुसऱ्या प्रणालीत हेच काम ‘मॅक्स चेक अटेम्प्ट्स’ (किती वेळा तपासून खात्री करायची तो आकडा) करते. आकडा सीमेवर वरखाली होत असेल तर चढायची आणि उतरायची मर्यादा वेगळी ठेवावी. झॅबिक्स या तशाच प्रणालीत 90 ला समस्या उघडली तरी रिकव्हरी एक्स्प्रेशन (समस्या मिटल्याची अट) 80 च्या खाली ठेवता येते. डिस्कसाठी नुसती टक्केवारी फसवी असते. 90 टक्के भरलेल्या 4 टीबी डिस्कवर 400 जीबी मोकळे असतात, 20 जीबीच्या डिस्कवर जेमतेम 2. त्यापेक्षा गेल्या 6 तासांच्या वेगाने पुढच्या 24 तासांत डिस्क भरेल का, हे प्रोमिथियसच्या ‘प्रेडिक्ट लिनिअर’ फंक्शनने तपासावे.

वाटपाच्या टप्प्यावर सर्वांत उपयोगी, आणि सर्वांत जास्त चुकणारा, नियम म्हणजे इनहिबिशन : मूळ कारणाचा इशारा चालू असताना त्याच्या परिणामांचे इशारे दाबणे. नेटवर्कचा स्विच बंद पडला तर त्यामागच्या 40 सर्व्हरांनी स्वतंत्रपणे ओरडू नये. पण प्रोमिथियसचे इशारे वाटणाऱ्या अलर्टमॅनेजरमध्ये ‘इक्वल’च्या यादीत (दोन्ही इशाऱ्यांवर सारखी हवीत अशा लेबलांच्या यादीत) क्लस्टरचे, म्हणजे सर्व्हरच्या गटाचे, लेबल घालायचे राहिले, तर एका क्लस्टरमधला स्विच बाकी सगळ्यांचीही तोंडे बंद करतो. लेबल यादीत आहे, पण दोन्ही इशाऱ्यांवर ते नाहीच, अशा वेळी दोन रिकाम्या किमती सारख्याच मानल्या जातात आणि दाबणे लागू होते. म्हणून ती लेबले इशाऱ्यांवर खरोखर आहेत का, हे आधी पाहून घ्यावे. दुसरी चूक वेळेची. स्विचच्या नियमाला ‘फॉर’ 5 मिनिटे आणि सर्व्हरच्या नियमाला 1 मिनिट असेल, तर परिणामाचे संदेश केव्हाच निघून गेलेले असतात. कारण मागून येते. कारणाचा नियम नेहमी परिणामाच्या नियमापेक्षा लवकर पेटला पाहिजे.

ग्रुपिंग, म्हणजे सारखे इशारे एका संदेशात बांधणे, त्यामानाने सोपे. क्लस्टर आणि इशाऱ्याचे नाव यांवर गट करा. ‘ग्रुप वेट’ (पहिल्या संदेशाआधीची वाट) 30 सेकंद, ‘ग्रुप इंटरव्हल’ (गटात बदल झाल्यास पुढच्या संदेशापर्यंतचे अंतर) 5 मिनिटे आणि ‘रिपीट इंटरव्हल’ (तोच संदेश पुन्हा पाठवण्याचे अंतर) 4 तास या मूळ किमती सुरुवातीला पुरतात. रूट, म्हणजे कोणता इशारा कुणाकडे जायचा ते सांगणारे नियम, वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळला की शोध तिथेच थांबतो, ‘कंटिन्यू’ लिहिले नसेल तर. त्यामुळे ढोबळ नियम वर आणि नेमका नियम खाली ठेवला, तर खालचा कधीच लागत नाही. बदल चढवण्यापूर्वी अलर्टमॅनेजरच्या ‘एएमटूल’ या कमांडला लेबले देऊन इशारा कुणाकडे जातो ते तपासायला मिनिटभरही लागत नाही, तरी हे कोणी करत नाही!

नियोजित कामासाठी सायलेन्स (इशारे ठरावीक मुदतीपुरते गप्प ठेवणे) लावताना मॅचर (कोणते इशारे ते ठरवणाऱ्या अटी) नेमके असावेत : सर्व्हरचे नाव आणि इशाऱ्याचे नाव, दोन्ही. मुदत कामापेक्षा तासभर जास्त, महिनाभर नव्हे. शेऱ्यात काम कोणते ते लिहावे. रोजच्या बॅकअपसाठी ठरावीक वेळ गप्प ठेवायची असेल, तर ‘लोकेशन’ (टाइम झोन) न दिल्यास ती वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरली जाते. बॅकअप एका वेळी आणि शांतता भलत्याच वेळी, हा घोटाळा त्यातूनच होतो.

राहिला तो न येणारा इशारा. सर्व्हर पूर्ण बंद पडला की त्याचे सीपीयूचे आकडेच येईनासे होतात, नियमाला काही सापडत नाही आणि पेटलेला इशारा ‘समस्या मिटली’ म्हणून विझतो. म्हणून ‘अप’ (सर्व्हरकडून आकडे मिळाले तर एक, नाहीतर शून्य) शून्य झाल्याचा नियम वेगळा हवा. सर्व्हर देखरेखीच्या यादीतूनच गळाला तर ‘अप’ही नाहीसा होतो, त्यासाठी ‘अ‍ॅब्सेंट’ (आकडाच नसल्याचे ओळखणारे फंक्शन) लागतो. आणि देखरेख यंत्रणाच कोसळली तर? कायम पेटलेला एक इशारा बाहेरच्या, स्वतंत्र सेवेकडे दर मिनिटाला पाठवत राहावा आणि तो 5 मिनिटे पोहोचला नाही तर त्या सेवेने फोन करावा. या एका इशाऱ्याला वर सांगितलेली कोणतीही गाळणी लावू नये, आणि त्याच्या रूटवर ‘ग्रुप इंटरव्हल’ व ‘रिपीट इंटरव्हल’ दोन्ही मुद्दाम कमी करावेत. मूळचे 4 तास राहिले तर फोन रोजच खोटा वाजेल.

आपले,
सर्व्हर देखरेखीच्या क्षेत्रातील काही वाचक