काका, रॅकेटबॉलसाठी आणि बोलिव्हियासाठी थँक्यू!

काका, तुमचं नाव लिहीत नाहीये कारण तुम्हाला ते आवडणार नाही, पण इथे अमेरिकेत आर्लिंग्टन साइडच्या मराठी मंडळींना दोन ओळीत कळेलच कोणाबद्दल चाललंय ते. सत्तरी ओलांडलेला, कराडचा, गुडघ्याला पट्टा बांधून कोर्टवर उतरणारा आणि तिशीतल्या पोरांचा घामटा काढणारा असा दुसरा माणूस आहेच कोण इथे? तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, सर्व्ह कर" म्हणून विषय उडवून लावता, म्हणून इथे चारचौघात लिहितोय.

मी प्रोजेक्टवर इथे आलो तेव्हा ऑफिस, रूम, डाळभात आणि झोप एवढंच चालू होतं. मंडळाच्या गणपतीत तुम्ही माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलंत आणि म्हणालात, शनिवारी सकाळी ये. कुठे, कशाला, काही नाही. आलो तर हातात तुमची जुनी रॅकेट दिलीत, तिची दोरी मनगटात अडकवायला लावलीत, डोळ्यांवर तो प्लॅस्टिकचा गॉगल चढवलात आणि आत ढकलून काचेचं दार लावून घेतलंत. वीस फूट रुंद, चाळीस फूट लांब आणि वीस फूट उंच अशी ती बंद खोली, त्यात बॉल समोरून येणार की मागून की डोक्यावरून काहीच कळेना. मला वाटलं होतं स्क्वॉशसारखंच काहीतरी असेल, पण स्क्वॉशला समोरच्या भिंतीला खाली ती पत्र्याची पट्टी असते, तिच्या वरूनच मारावं लागतं, इथे तसलं काही नाहीच. बॉल भिंतीच्या अगदी मुळाशी लागून नुसता लोळत परत आला तरी पॉइंट, आणि तो रोलआउट तुम्ही या वयातही असा मारता की समोरच्याने बघत बसावं. छताला लागून येणारा सीलिंग बॉल कसा घ्यायचा, भिंतींवर आपटत झेडसारखी जाणारी झेड सर्व्ह कोपऱ्यात कशी वळवायची, मध्ये कोणी आडवा आला तर हिंडर म्हणून थांबायचं, उगाच पाठीत बॉल हाणायचा नाही, हे सगळं तुम्ही न वैतागता शिकवलंत (म्हणजे वैतागलात, पण कराडी भाषेत, त्यामुळे बाकीच्यांना कळलं नाही).

पण काका, खरं थँक्यू त्या बोलिव्हियन गँगसाठी आहे. नॉर्दर्न व्हर्जिनियात बोलिव्हियाची एवढी माणसं राहतात, त्यातली बरीचशी कोचाबांबाकडची, हे मला कोण सांगणार होतं? शनिवारचा कोर्ट त्यांचाच, आणि त्यात तुम्ही एकटे भारतीय, तुमच्या त्या कराडी टोनातल्या स्पॅनिशमध्ये मला "हा माझा पुतण्या" म्हणून सगळ्यांना भेटवलंत. खेळून झाल्यावर पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीतून सालतेन्या निघायच्या, दिसायला आपल्या करंजीसारख्या पण आत गरम रस्सा, वरचं टोक आधी चावायचं, रस ओढून घ्यायचा आणि मग खायचं, नाहीतर शर्टाची वाट. तिथेच उभ्या उभ्या मला पूर्ण देशाचा रॅकेटबॉलचा रेकॉर्ड पाठ झाला.

आणि ऑगस्ट 2019, पेरूतलं लिमा, पॅन अमेरिकन गेम्स, म्हणजे आपल्या एशियन गेम्ससारखेच, पण उत्तर-दक्षिण अमेरिकेतल्या देशांचे. त्या दिवशी तुमच्या हॉलमध्ये लॅपटॉप टीव्हीला जोडला होता, स्ट्रीम दर दोन मिनिटांनी अडकत होता, काकू म्हणत होत्या एवढी माणसं कशाला जमलीत, आणि तुम्ही मला हळूच समजावत होतात की टीम इव्हेंट म्हणजे दोन सिंगल्स आणि एक डबल्स, तिनातले दोन घेतले की टाय आपला. समोर कोलंबिया, इकडे कॉनराडो मोस्कोसो, रोलंड केलर आणि कार्लोस केलर. बोलिव्हिया पॅन अमेरिकनला 1967 पासून येतोय, तोपर्यंत अर्ध्या शतकात एकही गोल्ड नाही, कुठल्याच खेळात नाही. ऑलिम्पिकचं तर विचारूच नका, तिथे अजून साधं ब्राँझसुद्धा नाही. आणि तो पहिला गोल्ड आणला कोणी तर या तीन रॅकेटबॉलवाल्यांनी! शेवटचा पॉइंट पडला तेव्हा तुमचा तो दाढीवाला पार्टनर सोफ्यावर नुसता बसून राहिला, ओरडला नाही, काही नाही, फोन मात्र वाजत होता, कोचाबांबाहून बहिणीचा, आणि तो उचलेचना.

मग तुम्ही खाशाबांचं काढलंत. काढणारच, गोळेश्वर म्हणजे तुमच्या शेजारचंच गाव. 1952 चं हेलसिंकी, कुस्तीतलं ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल, आणि जायला पैसे नव्हते म्हणून गावोगाव वर्गणी काढलेली, खर्डेकर प्राचार्यांनी घर गहाण टाकलेलं, हे सगळं तुम्ही त्या बोलिव्हियन लोकांना स्पॅनिशमध्ये सांगितलंत आणि ते मान डोलवत ऐकत होते. मेडल टॅलीत एक आकडा दिसतो, पण तो एक कुठून आला ते बघायला मी तिथे शिकलो, आणि त्याचं श्रेय तुमचंच.

तुम्ही म्हणता त्यांचं सगळं गुपित उंचीत आहे, कोचाबांबा साधारण अडीच हजार मीटरवर, हवा विरळ, बॉल सुसाट सुटतो, त्यामुळे तिथे वाढलेल्या पोराला इथला बॉल स्लो वाटतो. काका, मला हे अर्धंच पटतं. नुसत्या उंचीवर भागलं असतं तर लडाखमधून दरवर्षी चॅम्पियन निघाले असते. कोचाबांबात पोरं लहानपणापासून हा खेळ खेळतात, भिंतीवर रॅकेटने बॉल मारायची सवयच आहे त्या लोकांना, आणि मला तेच जास्त खरं वाटतं. यावर आपलं भांडण चालूच राहू दे.

आणि समोर कोण होतं तेही बघा ना. हा खेळच अमेरिकेचा, 1950 मध्ये कनेटिकटच्या ग्रीनिचमध्ये जो सोबेकने काढलेला, पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप 1981 ला कॅलिफोर्नियात सांता क्लाराला. वर्षानुवर्षं अमेरिका, कॅनडा, मेक्सिको यांचाच दबदबा. बायकांमध्ये तर मेक्सिकोची पाओला लोंगोरिया, 2011, 2015, 2019 सलग तीन पॅन अमेरिकनला सिंगल्सचं गोल्ड तिचंच, आणि मध्ये लागोपाठ 152 मॅच हरलीच नव्हती. तिलाही 2018 च्या वर्ल्ड फायनलला ग्वाटेमालाच्या गाब्रिएला मार्टिनेझने हरवलं. तेव्हाच तुम्ही म्हणाला होतात, आता छोट्या देशांचे दिवस आलेत, आणि वर्षभरात लिमा झालं!

बाकी ऑलिम्पिकवर तुमचा राग मी समजू शकतो. 2028 ला लॉस एंजेलिसमध्ये स्क्वॉश येतोय, चांगलंच आहे, आपल्याकडच्या स्क्वॉशवाल्यांना चान्स मिळेल, पण अमेरिकेतच जन्मलेला रॅकेटबॉल अमेरिकेतल्या ऑलिम्पिकला नाही म्हणजे कमालच. पॅन अमेरिकनलाही 1995 ला घेतला आणि 2007 ला रिओत वगळला, मग 2011 ला परत आणला. अशाने बोलिव्हियासारख्या देशाने करायचं काय, त्यांचा हुकमी खेळच कधी आत कधी बाहेर. त्यात इकडे आपल्या जिममध्ये एका कोर्टचं योगा रूम झालं आणि सगळं पब्लिक पिकलबॉलकडे वळलं. मॅनेजरला तुम्ही जे पत्र लिहिलंय ना, त्यावर मी सही केलीय आणि अजून दहा-बारा जणांच्या घेतोय.

तर काका, रॅकेटसाठी, गॉगलसाठी, त्या शनिवारांसाठी आणि परक्या देशाच्या गोल्डला माझ्या डोळ्यात पाणी आणल्याबद्दल मनापासून थँक्यू. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही आला नाहीत, डबल्सला चौथा म्हणून सध्या कोणालाही धरून आणतोय आणि सगळे मला विचारतात, तुझा काका कधी येणार. डॉक्टर हो म्हणाले की लगेच कळवा, पिकअपला मी येतो, तुम्ही एवढ्यात ड्राइव्ह करायचं नाही. काकूंना नमस्कार.

तुमचा पुतण्या