छिद्रं मोकळी ठेवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

खुब्याच्या सांध्यात बसवायचा टायटॅनियमचा जाळीदार कप हातात घेऊन नेमकं काय बघायचं, हे तुम्ही आमच्या विभागाला शिकवलंत. त्याचे आभार उघड पत्रातून मानतोय, कारण भंडारा-गोंदिया-गडचिरोली पट्ट्यातल्या बाकीच्यांनाही ते कामी येईल.

आपल्याकडे सिकलसेलमुळे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ऐन तिशीतला पेशंट सांधा बदलायला येतो. त्याला पुढे कित्येक वर्षं रोवणी करायची असते. कपात हाड शिरून घट्ट बसलं तरच ते निभतं. म्हणून ही 300 ते 600 मायक्रॉनची छिद्रं.

तुमचा कागदाच्या पाठीवरचा हिशेब आता इथे सगळ्यांना पाठ आहे. भरीव मिश्रधातूचा ताठपणा 110 गिगापास्कल, हाडाच्या टणक कवचाचा 15 ते 20. एवढा ताठ धातू सगळा भार स्वतःच पेलतो आणि बिनकामाचं हाड झिजत जातं. जाळीचा ताठपणा उरलेल्या धातूच्या प्रमाणाच्या साधारण वर्गाने घटतो: 70 टक्के पोकळ केली की धातू उरतो 0.3, त्याचा वर्ग 0.09, 110 ने गुणलं की साधारण 10. मग 85 टक्के पोकळ का नको? कारण काड्या बारीक होतात, त्यांच्या खडबडीत पृष्ठावर खाचा असतात आणि रोजच्या हजारो पावलांनी तडा तिथूनच जातो.

पण खरे आभार पावडरीसाठी. कप घडतो तो टायटॅनियमची पावडर लेझरने थराथराने वितळवून. मशीनमधली ही पावडर 15 ते 45 मायक्रॉनची, कन्हानच्या वाळूपेक्षा कितीतरी बारीक. 500 मायक्रॉनच्या छिद्रातून ती आपोआप गळून पडेल असं वाटतं. पडत नाही. आतल्या अरुंद गळ्यांत कण एकमेकांना अडवून कमान धरतात. म्हणून भाग ज्या प्लेटवर घडला तिच्यावर असतानाच उलटासुलटा करून हलवायचा, निष्क्रिय वायूचा झोत द्यायचा. साधा व्हॅक्यूम क्लीनर मुळीच नको. ही पावडर ठिणगीने पेटते. ताण काढायची भट्टी त्यानंतरच. क्रम उलटला तर उरलेले कण भट्टीत काड्यांना चिकटतात, मग ध्वनिलहरींनी धुणाऱ्या अल्ट्रासॉनिक टाकीत कितीही वेळ ठेवा, निघत नाहीत.

वजनाची युक्ती तर फारच कामाची. डिझाइनप्रमाणे 9 घनसेंटिमीटर धातू असेल तर 4.43 ने गुणून जवळपास 40 ग्रॅम भरायला हवेत. दोन ग्रॅम जास्त भरले तर काड्या जाड झाल्यात की पावडर अडकलीय, हे काटा सांगत नाही. म्हणून धुवा, पूर्ण वाळवा, तोला. पुन्हा धुवा, वाळवा, तोला. वजन उतरत असेल तर आत अजून पावडर आहे. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की मगच सीटी स्कॅन, कारण पक्की चिकटलेली पावडर धुण्याने हलत नाही.

हिपच्या (HIP, म्हणजे उष्णतेसोबत चहूबाजूंनी वायूचा दाब देणाऱ्या) भट्टीबद्दलचा आमचा गैरसमजही तुम्हीच काढलात. 920 अंश, 100 मेगापास्कल, दोन तास आर्गॉनमध्ये ठेवल्यावर काडीच्या पोटातल्या पोकळ्या मिटतात. वर अर्धवट चिकटलेले कण तसेच राहतात. ते आम्लाने काढायचे, पण आम्ल काडीही खातं. 250 मायक्रॉनची काडी चहूबाजूंनी 25 ने झिजली तर 200 उरते, म्हणजे छेद फक्त 64 टक्के. ही घट डिझाइनमध्येच धरायला हवी.

ऑपरेशन थिएटरमधली शिस्तही बदलली. जाळी गॉजने पुसायची नाही, धागे आत अडकतात. ही चूक हटकून होते! रक्त लागलेला कप धुऊन पुन्हा निर्जंतुक करायचा नाही, आतलं रक्त निघाल्याची खात्री देता येत नाही. आणि सुरुवातीचा घट्टपणा जाळी देत नाही, तो रीमिंग, म्हणजे हाडातली खोबण कोरणं, देतं: खोबण कपापेक्षा सुमारे एक मिलिमीटर लहान. कप 150 मायक्रॉनच्या वर हलत राहिला तर हाडाऐवजी तंतूंचा पापुद्रा धरतो. सिकलसेलमधलं हाड कुठे दगडासारखं, तर कुठे भुसभुशीत, त्यामुळे ठोकण्याआधी ट्रायल कप बसवून बघणं चुकवू नये.

एक मागणं आहे, ताई. पुढच्या खेपेपासून प्रत्येक डबीत शेवटच्या दोन वजनांची चिठ्ठी टाकता येईल का?

आपले,
अस्थिरोग विभागातील सहकारी
पूर्व विदर्भ