आबा, तुम्ही दोन नळे सरकवलेत

ती. आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोटो पोचल्याचं तुमच्या नातवानं कळवलं. फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "असांदे रे" म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांसमोर.

फेब्रुवारी २०२० मध्ये मी कुडाळ तालुक्यात जुन्या मांगरांचे फोटो काढत हिंडत होतो. (घाटावरच्या मंडळींसाठी सांगतो: मांगर म्हणजे घरापासून थोडा लांब, शेताच्या कडेला बांधलेला गोठा. खाली गुरं आणि अवजारं, वर माळ्यावर गवत.) तीन दिवसांत मला मिळालं होतं ते सगळं बाहेरून. शेवाळलेला चिरा, खचलेलं छप्पर, कुलूप लावलेलं दार. कॅमेरा दिसला की लोक दूर व्हायचे. तुम्हीही पहिल्यांदा हेच विचारलंत, "जमीन बघूक इलास काय?" दलालांनी इतक्या वाड्या पालथ्या घातल्यावर दुसरं काय विचारणार! पण मी दाराच्या फळीचा फोटो काढतोय हे पाहिलंत आणि काही न बोलता किल्ली घेऊन आलात.

ती फळी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. ऊन लाकडाचा वरचा थर कमकुवत करतं, पाऊस तो धुऊन नेतो आणि उरतात चंदेरी-राखाडी धागे. त्यावर बोट फिरवून तुम्ही म्हणालात, ही पावसाची बाजू, आतली बाजू बघ. आतली बाजू तपकिरी होती, तुकतुकीत, गुरांनी अंग घासून घासून केलेली. एकाच दाराच्या दोन बाजू मी शेजारी-शेजारी छापल्या आहेत, त्या तुमच्यामुळे.

आत मात्र मिट्ट काळोख. फ्लॅश मारला तर सगळं सपाट दिसलं, भिंतीवरचं शेण-मातीचं सारवणसुद्धा. मी ट्रायपॉड आवरायला घेतला आणि तुम्ही शिडी लावलीत. सत्तरी उलटलेला माणूस वर चढला आणि दोन नळे, म्हणजे छपरावरची अर्धगोल गावठी कौलं, हलकेच बाजूला सरकवले. उन्हाची एक तिरीप गवताच्या धुळीतून खाली आली, पण जमिनीवर, माझ्या पायापाशी. मी घाईनं कॅमेरा लावायला लागलो तर तुम्ही वरूनच म्हणालात, "वायच रव. ऊन अजून गव्हाणीर येवक नाय."

अर्धा तास आपण थांबलो. त्या अर्ध्या तासात तुम्ही मला ऐनाच्या खांबाला दाव्यानं पडलेली खाच दाखवलीत, कुठला बैल कुठे बांधायचा ते सांगितलंत, पॉवर टिलर आल्यावर शेवटची जोडी विकली तो दिवस सांगितलात. मग ऊन गव्हाणीवर आलं. सहा सेकंदांचं एक्स्पोजर. माझ्या सगळ्या कामातला मला सर्वांत प्रिय फोटो तोच आहे, आणि त्यातला प्रकाश तुमच्या हातचा आहे.

पुढच्या मांगरावरच्या मंगलोरी कौलांवर छापलेलं साल पाहून मी वहीत "१८६५ ची कौलं" असं लिहून ठेवलं होतं. तेही तुम्हीच खोडायला लावलंत. ते साल बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेचा कौलांचा कारखाना मंगळूरला सुरू झाला त्याचं. छाप तोच राहिला, कौल मात्र नंतर कधीही भाजलेलं असू शकतं. ती चूक तशीच छापली असती तर मला आयुष्यभर सलली असती.

आणि हे मांगर का पडतात, तेही तुमच्याकडूनच कळलं. मी वाळवी आणि पाऊस धरून बसलो होतो. तुम्ही सातबारा काढून दाखवलात. एका मांगरावर भावकीतली किती नावं, त्यातली निम्मी मुंबईत. दर उन्हाळ्यात नळे परतायचे, म्हणजे काढून पुन्हा रचायचे, फुटके बदलायचे, तर खर्च कुणी करायचा आणि कुणाला विचारून? एक वर्ष परतणी चुकली की पाणी वाशात शिरतं, मग सगळं भराभर जातं. तेव्हापासून फोटोखाली मी मांगर "पडका" आहे असं लिहीत नाही. परतणी कधी थांबली ते विचारतो आणि ते लिहितो.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात थोरल्या भावकीचा मांगर बसला. दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला, "तुझ्याकडे त्याचो फोटो आसा मा?" होता, आबा. आतून-बाहेरून सगळा होता, कारण त्याचीही किल्ली तुम्हीच मागून आणली होती. त्याच्या बारा प्रती सोबत पाठवतोय, भावकीतल्या गावाकडच्या प्रत्येक घराला एक. मुंबईकरांच्या प्रती माझ्याकडे ठेवल्यात, मी स्वतः पोचवीन.

तुमचा मांगर उभा आहे, कारण तुम्ही दरवर्षी शिडी लावता. नातू म्हणाला, यंदा गुडघा साथ देत नाही. मी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात येतोय, कॅमेरा घरी ठेवून. तुम्ही खाली खुर्ची टाकून बसा आणि कुठला नळा कुठे ते सांगा. वर मी चढतो.

तुमचा,
फोटोवालो