४८व्या पानावरचं तिकीट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत वर्षाला पन्नास पुस्तकं वाचण्याचा संकल्प करणाऱ्यांविषयीचा लेख वाचला. हाती घेतलेलं पुस्तक शेवटपर्यंत वाचतो तोच खरा वाचक, असा त्याचा एकूण सूर होता. मी एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात ३१ वर्षं देवघेवीच्या टेबलावर बसले. २०२०मध्ये निवृत्त झाले. मला काही हे पटलं नाही.

परत आलेलं पुस्तक आम्ही कपाटात लावण्याआधी उघडून झटकायचो. त्यातून काय काय पडायचं! एसटीची तिकिटं, विजेच्या बिलाच्या पावत्या, कॅलेंडरचे फाडलेले कागद, गोळ्यांची रिकामी पट्टी, एकदा हळदीकुंकवाच्या आमंत्रणाची चिठ्ठी. ही सगळी खुणेसाठी घातलेली, आणि बहुतेक वेळा चाळीस ते साठ पानांच्या दरम्यान. पुस्तक मिटून उजेडात धरलं तर कडेवरूनही कळतं. सुरुवातीची अर्धा बोट पानं हाताळून काळवंडलेली, पुढची पांढरीफेक. बक्षीस मिळालेल्या काही जाडजूड कादंबऱ्या आमच्याकडे वर्षानुवर्षं अशा दोन रंगांत उभ्या होत्या. आणि प्रत्येक जण पुस्तक परत देताना मला सांगायचा, "छान आहे हो."

एक निवृत्त गुरुजी होते. आठवड्याला दोन पुस्तकं नेणारे, शनिवारी दुपारी चारला हजर. एकदा त्यांनी अशीच एक सहाशे पानी कादंबरी नेली. एकदा मुदत वाढवली, दोनदा वाढवली, तिसऱ्या वेळी वाढवायला स्वतः न येता नातवाला पाठवलं. मग दोन महिने त्यांचा पत्ताच नाही. शेवटी गुरुजींच्या घरच्या बाई पुस्तक घेऊन आल्या. म्हणाल्या, "हे संपल्याशिवाय दुसरं आणायचं नाही म्हणतात, आणि हे काही संपत नाही. दिवसभर पेपरातल्या छोट्या जाहिरातीसुद्धा वाचत बसतात." त्या गेल्यावर पुस्तक झटकलं. ४८व्या पानावर एसटीचं तिकीट होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. नावडतं पुस्तक सोडलं नाही तर माणूस ते पुस्तक वाचत राहत नाही, तो वाचणंच सोडतो. अडकलेलं पुस्तक उशाशी पडून राहतं, त्याच्याकडे बघून अपराधी वाटतं, आणि दुसरं उघडायची छाती होत नाही. आमच्या वाचनालयातून गळालेले सभासद टीव्हीने आणि मोबाइलने नेले असं सगळे म्हणतात. काही नेले असतीलच. पण काही जण मी अशा एकेका कादंबरीत बुडताना पाहिले आहेत.

आपल्याकडे हे मुरलेलंच आहे म्हणा. उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस, हे श्रावणातल्या कहाण्यांतून कानावर पडलेलं. ताटात घेतलेलं टाकायचं नाही. गुरुचरित्राचं पारायण सात दिवसांचं, ते मध्येच मोडायचं नाही. माझी आई कादंबरीसुद्धा पोथीसारखी वाचायची, पाय लागला तर नमस्कार करून. पण पोथीला आपण संकल्प करून बसतो. कादंबरीशी आपला असा काय करार झालेला असतो? विकत घेतलेल्या पुस्तकाचं निराळं, तिथे साडेचारशे रुपये डोळ्यांसमोर नाचतात. पण ते गेले ते गेलेच. वर आणखी वीस संध्याकाळी त्यात कशाला घालायच्या?

ग्रंथालयाच्या प्रमाणपत्र परीक्षेला आम्हाला ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांची पाच सूत्रं होती. १९३१च्या त्यांच्या पुस्तकातली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, ही मधली दोन सगळ्यांना पाठ असायची. चौथं सूत्र आहे, वाचकाचा वेळ वाचवा. ते मुळात पुस्तकांची मांडणी, तालिका म्हणजे पुस्तकांची सूची, चटकन पुस्तक हाती देणं यासाठी आहे, हे मला ठाऊक आहे. तरी मी ते जरा ताणून घेते. माणसाचे दोन महिने एका पुस्तकात अडकणं हाही वेळेचाच प्रश्न झाला. आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक असेल तर प्रत्येक वाचक काही त्या पुस्तकाचा असू शकत नाही.

तरीही दोन पानं वाचून पुस्तक भिरकावणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. नेमाड्यांची 'कोसला' ही कादंबरी आली १९६३ साली. मी ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना घेतली आणि तिसाव्या पानाला परत केली. त्या 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'नी डोकं उठलं होतं. हा मुलगा आपलं काय रडगाणं गातोय, असं वाटलं. पुढे २००४मध्ये, माझा धाकटा भाऊ गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी, आमच्याकडे पुस्तकांची मोजणी चालली होती. दाखलअंक, म्हणजे पुस्तकाचा नोंदणी क्रमांक, तपासायला 'कोसला' उघडली, चुकून मधलीच पानं उघडली, आणि तिथे नायकाच्या धाकट्या बहिणीच्या मृत्यूचं होतं. मी कपाटाला टेकून उभ्याउभ्या ते सगळं वाचलं. शिपायाने दोनदा हाक मारली. रात्री घरी नेऊन पहिल्या पानापासून वाचायला घेतली. अठराव्या वर्षी ओढूनताणून संपवली असती तर पुन्हा कधी हात लावला नसता, असं मला वाटतं.

म्हणून पन्नास पानं वाचा आणि मग सोडायचं का ते ठरवा, असा नियम वगैरे मी कुणाला सांगत नाही. मी एवढंच बघते की पुस्तक मिटल्यावर, भाजी निवडताना, त्यातलं माणूस मनात येतं का. येत असेल तर कितीही रेंगाळलं तरी वाचते. बोलीतलं पुस्तक असेल तर जास्त धीर धरते, कारण मालवणी किंवा अहिराणी कानात बसायलाच आधी वीस-पंचवीस पानं लागतात, आणि तो दोष पुस्तकाचा नसतो. ऐतिहासिक कादंबऱ्यांतली सूर्योदयाची वर्णनं मी बिनदिक्कत ओलांडते. (एक अपवाद आहे. नात्यातल्या माणसाने 'सप्रेम भेट' लिहून सही करून दिलेला कवितासंग्रह. तो शेवटपर्यंत वाचावाच लागतो, कारण पुढच्या लग्नात पंगतीला तो नेमका शेजारी येऊन बसतो.)

माझी नात पाचवीत आहे. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनासाठी तिला वाचलेल्या पुस्तकांची वही करायची होती. तिने अकरा पुस्तकांची माहिती मलपृष्ठांवरून उतरवून काढली, त्यातलं संपवलं एकही नव्हतं. वहीत एक रकाना 'सोडलेलं पुस्तक आणि का' असा असता तर तिने तो मनापासून भरला असता. तिला एका पुस्तकातला बोलणारा ससा अजिबात आवडला नव्हता, आणि त्याची कारणं तिने मला अर्धा तास सांगितली. आपल्या पुरवणीतही पन्नास पुस्तकांच्या यादीबरोबर कधी असं एक सदर चालवून पाहावं, ही विनंती.

एक कबुलीही द्यायला हवी. पुस्तक परत घेताना मी प्रत्येकाला "झालं वाचून?" असं विचारायचे. ३१ वर्षं विचारलं. त्यावर "नाही, जमलं नाही" असं म्हणायची सोय कुणाला राहायची? गुरुजी तेवढ्यासाठीच यायचे थांबले असावेत. त्या दिवशी मी बाईंच्या हाती ऐंशी-नव्वद पानांचा एक कथासंग्रह दिला आणि सांगितलं, हा वाचायचा नाही, नुसता टेबलावर ठेवायचा. पुढच्या शनिवारी चार वाजता ते स्वतः आले. मी काही विचारलं नाही. पुस्तक झटकलं, आत तिकीट नव्हतं.

आपली एक वाचक
(निवृत्त ग्रंथालय कर्मचारी)