मास्तर, तुमच्या त्या एका बेलसाठी

आदरणीय मास्तर,

एसटीत कंडक्टरला सगळे मास्तरच म्हणतात, तुमचा जन्म त्या हाकेत गेला. पण दर गुरुवारी आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत येऊन तिसरीच्या पोरांपुढं तुम्ही सतरंजीवर मांडी घालता, ते मास्तरपण निराळं. तोंडावर आभार मानले असते तर ‘असू द्या की ओ’ म्हणत तुम्ही चपला घालून निघाला असता. म्हणून हे पत्र.

आमचं बारकं बोलताना अडखळतं. ‘क’ आला की हमखास. आधीच्या शाळेत आम्ही भरपूर फी भरली आणि दोन वर्षं डायरीत लाल शाईतलं एकच वाक्य वाचलं: ‘घरी सराव घ्यावा.’ विचारायला गेलं की वॉचमन गेटवरच अडवायचा. गॅदरिंगला पोराला झाड केलं. झाडाला संवाद नसतो ना!

दुसऱ्याला कशाला बोलू? इथं आल्यावर मी शाळा व्यवस्थापन समितीत गेले. शिक्षण हक्क कायद्यानं त्या समितीत ७५ टक्के पालक लागतात, निम्म्या बायका लागतात, म्हणून माझं नाव. सही करायची, चहा प्यायचा, घरी यायचं. शाळेत आपण हातानं काही करायचं असतं हे डोक्यातच नव्हतं. तुम्ही नातीला सोडायला आलात आणि बाईंना म्हणालात, “जरा बसू का पोरांत?” झालं एवढंच. आमच्या गल्लीत पहिला प्रश्न काय आला माहीत आहे? “त्यांना महिन्याला किती मिळतात?”

त्या गुरुवारी मी खिडकीबाहेर उभी होते. तुमचा वाचनाचा खेळ रंगला होता. फळ्यावर सांगली ते तासगाव रस्ता, एक पान वाचलं की एक थांबा. माधवनगर झालं, कवलापूर झालं. बारक्याची पाळी आली ती नेमकी कवठे एकंदला. “क... क...” मागं दोघं फिसकन हसले. बाई शब्द पुरा करायला पुढं सरकल्या. मीही खिडकीतून ओठ हलवत होते.

तुम्ही तिकिटाचा जुना पंच खिडकीच्या गजावर एकदाच वाजवलात. टण्. “गाडी थांबलीय. प्रवासी उतरल्याबिगर हलायची नाही.”

आणि मग तुम्ही त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. खिशातनं रुमाल काढून चष्मा पुसत बसलात, थांब्यावर बसतात तसे. वर्ग गप्प. बराच वेळ गेला. “कवठे एकंद,” बारकं म्हणालं. टण् टण्! डबल बेल. त्याच्या पुठ्ठ्याच्या तिकिटाला भोक पाडलंत आणि “पुढं चला, पुढं चला.” मी भिंतीआड जाऊन पदरानं डोळे पुसले.

पोराला शाबासकी देणारे पुष्कळ भेटले हो. त्याच्यासाठी घाई सोडणारे तुम्हीच.

कर्मवीर अण्णा मूळचे आपल्याच ऐतवडे बुद्रुकचे. रयतच्या वसतिगृहातल्या पोरांसाठी बायका रोज मूठभर धान्य बाजूला काढायच्या, ते ऐकत आपण मोठे झालो. आमच्याकडं द्यायला मूठ होती, उघडायचं सुचत नव्हतं. आता शेजारची शिलाईवाली फाटक्या सतरंज्या शिवून देते, कारखान्यातल्या एका फिटरनं गळका नळ बसवला, आणि मी मंगळवारी गोष्ट वाचते. वाईट वाचते, पोरं सांभाळून घेतात.

परवा आम्ही खरोखरच एसटीनं गेलो. बारकं म्हणालं, तिकीट मीच मागणार. बायकांना अर्धं तिकीट, त्याचंही अर्धं. “दोन हाफ, क...” मागं ही गर्दी, कंडक्टर मशीनवर बोट धरून उभा. जीभ दाताखाली दाबून मी खिडकीबाहेर बघत राहिले. पोरानं सांगितलं शेवटी.

पण मशीनच्या तिकिटाला भोक नसतं म्हणून ते रुसलंय. गुरुवारी तिकीट घेऊन येईल, तेवढं पंच करून द्या.

तुमची,
तिसरीतल्या एका पोराची आई