खाज थांबली म्हणजे नायटा गेला असं नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीत ‘प्रतिकारशक्ती वाढवा, बुरशी आपोआप जाईल’ असं छापलंत. शत्रू ओळखूच आला नाही, तर वाढलेली शक्ती कुणावर चालणार? कॅन्डिडा या बुरशीच्या पेशीभित्तिकेतलं बीटा-ग्लुकान हे शर्करायुक्त द्रव्य आपल्या पांढऱ्या पेशी डेक्टिन-१ या ग्राहीने, म्हणजे पेशीवरच्या ओळखयंत्रणेने हेरतात. म्हणून कॅन्डिडा त्यावर मॅनन या दुसऱ्या शर्करायुक्त द्रव्याचा थर चढवते. अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीच्या बीजाणूवर रॉडए प्रथिनाचं आवरण असतं. फुफ्फुसात बीजाणू फुगून ते आवरण सुटेपर्यंत तिथल्या पेशी त्याची फारशी दखल घेत नाहीत. काढे पिऊन हे थर उतरत नाहीत.

त्याहून संताप आला तो लेखाला खेटून छापलेल्या मलमाच्या जाहिरातीचा. ‘तीन दिवसांत खाज बंद!’ अशा मलमांत बहुधा क्लोबेटासोलसारखं कडक स्टेरॉइड असतं. लाली आणि खाज ही शरीराने बुरशीला दिलेली झुंज असते. स्टेरॉइड ती झुंजच थांबवतं. रोग्याला बरं वाटतं आणि नायटा, जो बुरशीचाच रोग आहे, जांघेतून कमरेपर्यंत पसरतो. त्याची ठळक गोल कडाही पुसट होते, मग डॉक्टरांनासुद्धा तो पटकन ओळखू येत नाही. ऊसतोडीच्या फडात दिवसभर घामाने भिजलेले कपडे, कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, सगळ्यांत मिळून एकच टॉवेल. तिथे असं मलम हातोहात फिरतं आणि नायटाही.

नायट्याची तपासणी अवघड नाही. जागा स्पिरिटने पुसायची, नाहीतर मलमाचे तेलकट थेंब काचेवर घोटाळा करतात. कोंडा मधून नव्हे, कडेवरून खरवडायचा. त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, वर कव्हरस्लिप ही पातळ काच आणि १५-२० मिनिटं थांबायचं. घाई केली तर त्वचेच्या पेशी विरघळत नाहीत आणि आडवे पडदे असलेले, फांद्या फुटलेले बुरशीचे तंतू त्यांच्याखाली झाकले जातात. बुरशीचं औषध आधीच लावलेलं असेल तर तंतू न दिसण्याचाही संभव असतो, म्हणून कोणतं मलम लावलं हे रोग्याने सांगायलाच हवं. नायटा ठरला की घरातल्या खाजणाऱ्या प्रत्येकाला एकाच वेळी औषध द्यावं लागतं, नाहीतर तो घरातच फिरत राहतो.

लेखाची दुरुस्ती त्याच पानावर छापा आणि ती जाहिरात बंद करा. आणि लेखासोबतचं चित्र बुरशीचं नाही, कोरोना विषाणूचं आहे.

आपला,
एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, बीड