आंबील ओढ्याच्या वगळी: जलसंपदामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जलसंपदामंत्री,
महाराष्ट्र राज्य.

विषय: पुण्यातील आंबील ओढ्याच्या संपूर्ण पाणलोट क्षेत्राची, उगमाकडील ओघळींसह (वगळींसह), मोजणी करून नकाशा जाहीर करण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

मी पुण्याच्या सहकारनगर भागात गेली तीस वर्षे राहतो. आमची इमारत आंबील ओढ्यापासून दोन गल्ल्या अलीकडे आहे आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीपर्यंत हे अंतर आम्हाला पुरेसे वाटत होते. त्या रात्री जिन्याच्या सहाव्या पायरीपर्यंत पाणी चढले, वाहनतळातल्या दुचाक्या एकमेकींवर रचल्यासारख्या फाटकाला जाऊन अडकल्या आणि ‘कात्रजचं तळं फुटलं’ अशी आवई गल्लीभर उठली. तळे फुटलेले नव्हते. जवळच अरण्येश्वरच्या टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसे दगावली. त्या एका रात्रीच्या पावसाने शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक जीव घेतले. त्यानंतर ओढ्याच्या शहरातल्या भागाबद्दल बरेच बोलले गेले. या पत्राचा विषय मात्र शहराच्या वरचा भाग आहे.

आंबील ओढा ही मुठेची एक लहान उपनदी. कात्रज घाटाच्या डोंगररांगेत भिलारेवाडी, मांगडेवाडी आणि गुजर निंबाळकरवाडीच्या अंगाने उतरणारे पाणी कात्रजच्या वरच्या आणि खालच्या तळ्यात येते, तिथून बालाजीनगर, पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर असे करत पर्वतीच्या पायथ्याशी पोहोचते आणि दांडेकर पुलाखालून वैकुंठ स्मशानभूमीजवळ मुठेत उतरते. डोंगरमाथा आणि मुठेचे पात्र यांच्या उंचीत तीनशे मीटरहून अधिक फरक आहे, आणि तो इतक्या थोड्या अंतरात संपतो की माथ्यावर पडलेला पाऊस आमच्या दारात यायला फार वेळ लागत नाही. मोठ्या नदीच्या पुराची सूचना धरणातून विसर्ग वाढवताना आधी देता येते. ओढ्याच्या बाबतीत तशी सोय नाही.

या ओढ्याशी पुण्याचे नाते जुने आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला बंधारे घालून तळी केली आणि तिथले पाणी दगडी भुयारी नळाने शनिवारवाड्यापर्यंत व शहरातल्या हौदांपर्यंत आणले. त्या नळावरचे उच्छ्वास, म्हणजे हवा बाहेर पडण्यासाठी बांधलेले झरोके, काही ठिकाणी अजून पाहायला मिळतात. आजच्या पेठांच्या भागातून वाहणारा ओढाही त्यांनीच पर्वतीजवळ बांध घालून पश्चिमेकडे वळवला आणि तिथे तळे केले. आपण सगळे ज्याला ‘तळ्यातला गणपती’ म्हणतो, त्याच्या नावातले तळे ते हेच. म्हणजे आज आम्ही ज्याला ओढ्याचा नैसर्गिक प्रवाह समजतो, त्याचा खालचा टप्पा माणसाने आखलेला आहे. ओढा वळवणे हे पाप आहे, असे माझे म्हणणे नाही. ज्यांनी तो वळवला, त्यांनी वरून किती पाणी येते हे आधी पाहिले होते आणि त्याला थांबायला जागा ठेवली होती, एवढेच नोंदवतो.

आता वरच्या अंगाला काय चालले आहे, ते सांगतो. डोंगरउतारावरून येणाऱ्या ज्या बारीक ओघळींनी हा ओढा बनतो, त्यांना तिकडचे जुने लोक ‘वगळ’ म्हणतात. पावसाळ्याचे चार महिने वाहणारी आणि बाकी आठ महिने कोरडी, एखाद्या माणसाला उडी मारून ओलांडता येईल इतकीच रुंद अशी ती घळ असते. एप्रिल-मे महिन्यांत ती पाहिली तर कुणालाही पडीक खड्डाच वाटेल. त्यामुळे प्लॉट पाडताना तिच्यात मुरूम लोटून जमीन सपाट करताना फारसा कुणाचा जीव खालीवर होत नाही. (वगळ वगळली जाते, ही कोटी माझी नव्हे, तिथल्याच एका आजोबांची.)

गेल्या जूनमध्ये मी भिलारेवाडीच्या बाजूला एका वगळीच्या कडेने चढत गेलो. वरच्या टप्प्यात करवंदीच्या जाळ्यांमधून, धुऊन स्वच्छ झालेल्या काळ्या कातळावरून ती व्यवस्थित वाहत होती. खाली एका नव्या प्लॉटिंगच्या कडेला आल्यावर समोर तीन-चार माणूस उंचीचा मुरमाचा भराव लागला आणि त्या भरावाच्या तळाशी सिमेंटचा एकच पाइप बसवलेला दिसला. माझा हात कोपरापासून बोटांपर्यंत जेवढा होतो, तेवढाच त्याचा व्यास होता. पाइपाच्या तोंडाशी वाळलेल्या फांद्या, एक गोणपाट आणि प्लास्टिकच्या बाटल्या अडकल्या होत्या, आणि मागे गुडघाभर गढूळ पाणी साचले होते. तेव्हा पाऊस साधा रिपरिप होता. जोराचा झाला की हा भराव आधी पाणी अडवणार आणि मग स्वतःच्या मुरमासकट ते एकदम सोडणार. घाटाच्या पलीकडे शिंदेवाडीजवळ जून २०१३ मध्ये फोडलेल्या टेकडीवरून आलेल्या अशाच लोंढ्यात गाडीतून जाणारी आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेली, हे आपल्याला स्मरत असेल.

हिशेब अवघड नाही. एक चौरस किलोमीटर उतारावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा कोटी लिटर पाणी होते; आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात येणाऱ्या दहा हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत सांगायचे तर दहा हजार टँकर. गवत, झुडपे आणि मातीचा थर शाबूत असेल तर यातला काही भाग मुरतो आणि उरलेला सावकाश येतो. उतार कापून काँक्रीट केले की जवळजवळ सगळे पाणी, आणि तेही एकाच वेळी, खाली येते. खालच्या ओढ्याला कितीही उंच सीमाभिंती बांधल्या तरी त्या वेगाला त्या पुऱ्या पडणार नाहीत.

कायदा याबाबत मुका नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० नुसार, ज्यांवर कुणाची खासगी मालकी सिद्ध नाही असे नदी, नाले, ओढे शासनाच्या मालकीचे आहेत. गावनकाशात ओढे दाखवलेले असतात आणि सातबाऱ्यावर ओढ्याखालची जमीन पोटखराबा (ब), म्हणजे लागवडीखाली न येणारी जमीन, म्हणून नोंदता येते. अडचण या बारीक वगळींची आहे. मी एका कार्यालयात त्या पाइपाविषयी अर्ज घेऊन गेलो, तेव्हा समोरच्या गृहस्थांनी सौजन्याने नकाशा उघडून दाखवला आणि म्हणाले, ‘साहेब, इथे ओढा आहेच कुठे?’ नकाशावर खरोखरच नव्हता.

या सगळ्याचा भार कुणावर पडतो, हेही पाहावे. २४ जून २०२१ रोजी ऐन पावसाळ्यात दांडेकर पुलाजवळच्या ओढ्याकाठच्या वस्तीत घरे पाडायला सुरुवात झाली आणि न्यायालयाला त्याच दिवशी स्थगिती द्यावी लागली. ओढ्याच्या तळाशी राहणाऱ्यांना ओढ्याच्या नावाने जाब विचारला जातो. माथ्यावर वगळ बुजवणाऱ्याला मात्र ओढ्याचा संबंधच लागत नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर निंबाळकरवाडी ही गावे महापालिका हद्दीत आली. त्यामुळे वरचे पाणी एका यंत्रणेचे आणि खालचे दुसरीचे, ही जुनी सबब आता बव्हंशी उरलेली नाही.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. नद्यांच्या पूररेषा, म्हणजे पुराचे पाणी कुठवर येऊ शकते हे दाखवणाऱ्या नकाशावरच्या निळ्या आणि लाल रेषा, आपल्या विभागाच्या कामाचा भाग आहेत. तीच शिस्त या एका लहान ओढ्याला, डोंगरमाथ्यापासून मुठेपर्यंत एकच घटक धरून, लावावी. मोजणी पावसाळ्यात करावी, कारण वगळी तेव्हाच दिसतात. प्रत्येक वगळ गट क्रमांकासह नकाशावर आणावी आणि तो नकाशा बांधकाम परवानगी देणाऱ्यांसाठी बंधनकारक ठरवावा. जिथे भराव आधीच पडले आहेत, तिथे पाइपाऐवजी वगळीच्या मूळ रुंदीची मोरी बांधून घ्यावी आणि तिचा खर्च भराव टाकणाऱ्याकडून वसूल करावा. वनखात्याच्या हद्दीतला माथा यातून सुटू नये.

आपल्या अधिकाऱ्यांना मी वर वर्णन केलेली जागा दाखवायला तयार आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर, शक्यतो पाऊस चालू असताना यावे. पायात बूट चांगले असावेत. शेवटचा टप्पा निसरडा आहे.

आपला,
सहकारनगर, पुणे येथील एक रहिवासी